अठराव्या सोलला स्पिरिटचे काय झाले

२३ जानेवारी २००४ रोजी, जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे दुपारी १२ वाजून ३४ मिनिटांनी, स्पेनमधल्या माद्रिदजवळच्या अँटेनेने मंगळावरून आलेला एक क्षीण संदेश टिपला. संदेश दहा मिनिटे चालला. वेग होता सेकंदाला १० बिट. गुणाकार केला तर ६,००० बिट होतात, म्हणजे जास्तीत जास्त ७५० बाइट. आजच्या संगणकात देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने दहा मिनिटांत अडीचशे चिन्हे. हा परिच्छेददेखील त्यात मावला नसता. पण कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना इथे नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत, म्हणजे जेपीएलमध्ये बसलेल्या मंडळींना एवढ्यानेही हायसे वाटले असणार. 'स्पिरिट' या त्यांच्या मंगळगाडीकडून दोन दिवसांत कामाची एकही ओळ आली नव्हती.

या प्रसंगावर कागद भरपूर आहेत आणि ते वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हेतूंनी लिहिलेले आहेत. जानेवारीत रोजच्या रोज निघालेली जेपीएलची पत्रके आहेत. फेब्रुवारीत 'ईई टाइम्स' या इलेक्ट्रॉनिक्सच्या नियतकालिकाने छापलेला वृत्तान्त आहे. गाडीच्या सॉफ्टवेअरचे शिल्पकार ग्लेन रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकारी ट्रेसी नीलसन यांनी २००५ साली आयईईईच्या परिषदेत वाचलेला निबंध आहे. नासाच्या 'धडे' संग्रहातली १४८३ क्रमांकाची नोंद आहे. शिवाय मोहिमेचे एक व्यवस्थापक मार्क ॲडलर यांनी मागाहून लिहिलेली आठवण आहे. हे ॲडलर म्हणजे 'झेडलिब' या जगभर वापरल्या जाणाऱ्या संकोचन-प्रणालीचे एक जनक.

हे सगळे कागद एकाच ओळीत ठेवून वाचले तर गोष्ट फार सरळ वाटते: फायली जास्त झाल्या, मेमरी संपली, यंत्र अडले, मग फॉरमॅट मारला. मला हा सरळपणा खटकतो. २१ ते २४ जानेवारी या चार दिवसांत कोणत्या क्षणी कोणाला काय ठाऊक होते, ते वेगळे काढून पाहिले तर गोष्ट बरीच निराळी दिसते. आणि 'कारण' नावाची वस्तू प्रत्येक कागदात वेगळ्या जागी सापडते.

आधी तारखांचा घोळ सोडवायला हवा. मंगळावरच्या दिवसाला 'सोल' म्हणतात आणि तो आपल्या दिवसापेक्षा सुमारे चाळीस मिनिटांनी मोठा असतो. अभियंते सोलच्या आकड्यांत लिहितात, पत्रके कॅलिफोर्नियाच्या घड्याळात बोलतात, अँटेनांच्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत असतात. त्यामुळे एकच घटना दोन तारखांना घडल्यासारखी वाटते. स्पिरिटची जुळी बहीण 'ऑपॉर्च्युनिटी' मंगळावर उतरली ती पॅसाडिनात २४ जानेवारीच्या शनिवारी रात्री ९ वाजून ५ मिनिटांनी; पुण्या-मुंबईत तेव्हा रविवारचे साडेदहा वाजून गेले होते. स्पिरिटच्या बाबतीत घोळ नको म्हणून मी सोलचा आकडा प्रमाण मानला आहे. बिघाड झाला तो सोल १८, म्हणजे २१ जानेवारी.

स्पिरिटचे उड्डाण १० जून २००३ रोजी झाले. सात महिन्यांच्या प्रवासानंतर ४ जानेवारी २००४ रोजी ती गुसेव्ह विवरात उतरली आणि १५ जानेवारीला आपल्या बैठकीवरून खाली मातीवर आली. समोर 'ॲडिरोंडॅक' असे नाव दिलेला एक दगड होता. गाडीने हात लांब करून त्याच्यावर उपकरणे टेकवली आणि नेमके त्याच दिवसांत हे घडले.

गाडीचा संगणक आजच्या मोबाइलपुढे अगदीच किरकोळ: किरणोत्सर्ग सोसणारा रॅड-६००० प्रोसेसर, वेग २० मेगाहर्ट्झ, १२८ मेगाबाइट रॅम, २५६ मेगाबाइट फ्लॅश आणि ३ मेगाबाइट ईईप्रॉम. ऑपरेटिंग सिस्टिम होती विंड रिव्हर कंपनीची 'व्हीएक्सवर्क्स', म्हणजे बाजारात मिळणारा तयार माल. पुढच्या गोष्टीसाठी एवढे ध्यानात ठेवायचे की रॅममधले सगळे यंत्र बंद झाले की पुसले जाते, आणि फ्लॅशमधले राहते.

सोल १८ च्या सकाळी पृथ्वीवरून आज्ञा गेल्या. 'आज्ञा मिळाल्या' असा साधा संकेत परत आला. त्यानंतर दिवसभरात ज्या ज्या वेळी माहिती यायची होती, त्या त्या वेळी काहीही आले नाही. पहिला संशय गेला आभाळावर. आज्ञा पाठवणारी अँटेना ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ होती आणि तिथे वादळी पाऊस चालू होता. संदेश वाटेत बिघडला असेल, असे वाटणे साहजिक होते. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनाही गाडीकडून काही उपयोगाचे मिळाले नाही. मार्स ग्लोबल सर्व्हेयरला रेडिओलहर ऐकू आली, पण तिच्यात यदृच्छेने मांडल्यासारखे शून्य-एक होते. म्हणजे रेडिओ चालू होता आणि त्याला सांगायला कोणी मजकूर देत नव्हते.

२२ तारखेला गाडीने पुन्हा एक पोच दिली. सेकंदाला आठ बिटांहूनही कमी वेगाचा तो संकेत होता. त्याचा अर्थ एवढाच की ऐकू आले आणि गाडी स्वतःला बिघडलेल्या अवस्थेत समजते आहे. प्रकल्प-व्यवस्थापक पीट थायसिंगर यांचे त्या दिवशीचे म्हणणे मला सगळ्या कागदपत्रांत सर्वात मोलाचे वाटते. त्यांचा आशय असा होता की जेवढी लक्षणे दिसत आहेत, ती सगळी समजावून देईल असा कोणताही एकच बिघाड आम्हाला सुचत नाही. नंतरच्या निबंधांत हे वाक्य दिसत नाही, आणि दिसायचे कारणही नाही, कारण तोवर तो एकच बिघाड सापडलेला होता. पण २२ जानेवारीच्या खोलीत शिरायचे असेल तर या वाक्यावाचून वाट नाही. विजेची व्यवस्था गेली म्हणावे तर रेडिओ उत्तर देतो. रेडिओ गेला म्हणावे तर पोच येते. संगणक गेला म्हणावे तर पोच ठरल्याप्रमाणे येते, फक्त मजकूर येत नाही.

आणखी एक संशयित होता. संपर्क तुटला तेव्हा गाडी एका उपकरणाची चाचणी घेत होती. 'मिनी-टेस' हे अवरक्त किरणांनी खडक ओळखणारे उपकरण, आणि त्यातला आरसा हलवणारी मोटर तपासली जात होती. शेवटचे काम तेच, म्हणून बोट त्याच्याकडे वळले. कार्यालयात सर्व्हर सांभाळणाऱ्या कोणालाही ही सवय ओळखीची वाटेल: काही बंद पडले की आपण आधी विचारतो, शेवटी हात कोणी लावला होता? मोटर निर्दोष होती. तिचा गुन्हा एवढाच की मेमरी संपत आली त्या सुमारास तिची पाळी आली.

२३ तारखेचा तो दहा मिनिटांचा संदेश तुटपुंजा होता, पण त्याच दिवशी थोड्या वेळाने दुसरा आला. हा वीस मिनिटे चालला, सेकंदाला १२० बिटांनी. म्हणजे सुमारे १८ हजार बाइट. यातून पहिल्यांदा गाडीची प्रकृती कळली. तीन दिवसांत संगणक साठाहून अधिक वेळा रीबूट झाला होता. रात्री झोपायला हवे तेव्हा गाडी झोपत नव्हती. तिच्या पोटातली यंत्रणा तापत होती आणि बॅटरी खाली जात होती. सूर्यावर चालणाऱ्या यंत्राने रात्र जागून काढणे म्हणजे मुदलाला हात घालणे.

सोल २० ला, म्हणजे २३ जानेवारीलाच, तिला झोपवण्यासाठी एक खास आज्ञा पाठवली. आज्ञेचे नाव 'शटडाउन-डीएमटी-टिल'. मधल्या तीन अक्षरांत अभियंत्यांनी 'डॅमिट' ही शिवी दडवली होती. अमुक वेळेपर्यंत झोप, मेले! शिवी देऊनही गाडी ढिम्म हलली नाही, जागीच राहिली.

त्या दिवशी थायसिंगर पत्रकारांना म्हणाले की गाडी पुन्हा अगदी पहिल्यासारखी होण्याची शक्यता फारशी नाही, आणि पूर्ण निकामी होण्याचीही शक्यता कमी आहे. आपण या दोन टोकांच्या मधल्या रुंद पट्ट्यात कुठेतरी आहोत. कागदावर हे सावध सरकारी बोलणे वाटते. त्या दिवशी हाती असलेली माहिती ताडून पाहिली तर त्यात एक अक्षरही अतिशयोक्त नाही.

इथून पुढे तपास ज्या मार्गाने गेला तो मार्ग कोणत्याही संगणकावर लागू पडतो. यंत्र अडले की पुन्हा सुरू करा, हा आपला पहिला उपाय असतो, आणि बहुतेक वेळा तो चालतो, कारण बिघाड बहुधा रॅममध्ये साचलेला असतो आणि रीबूटने रॅम कोरी होते. गाडीतही हीच योजना होती. कामांवर देखरेख ठेवणाऱ्या व्यवस्थेला एखादे काम अडलेले दिसले की ती संगणक पुन्हा सुरू करी. आता साठ वेळा सुरू करूनही तोच बिघाड परत येत असेल, तर तो रॅममध्ये नाही. रीबूटला न जुमानता टिकून राहणाऱ्या जागांत तो आहे. अशा जागा तीनच होत्या: फ्लॅश, ईईप्रॉम, किंवा खुद्द यंत्राचा एखादा भाग. तिसरे असेल तर गाडीवर पाणी सोडायचे.

पहिले असेल तर मात्र एक आडवाट होती. फ्लॅश कधीतरी दगा देईल हे धरून रचनाकारांनी गाडीला फ्लॅशला हातही न लावता सुरू होण्याची सोय ठेवली होती. आज्ञा मुख्य संगणकाने वाचावी अशीही अट नव्हती. काही मोजक्या आज्ञा रेडिओचे यंत्रच उलगडू शकत असे आणि संगणकाला 'पुन्हा सुरू हो, पण फ्लॅशशिवाय' असे सांगू शकत असे. या अवस्थेला त्यांनी नाव दिले होते 'क्रिपल्ड मोड', लंगडी अवस्था. फायलींसाठी फ्लॅशऐवजी रॅमचाच एक तुकडा वापरायचा. त्यात ठेवलेले सगळे झोपेबरोबर पुसले जाणार, म्हणजे त्या दिवशी जमवलेले त्याच दिवशी पृथ्वीवर पाठवायचे. लंगडी खरी, पण चालणारी.

२४ जानेवारीला आज्ञा गेली आणि रीबूटचे चक्र तुटले. त्या दिवशीच्या पत्रकात थायसिंगर यांनी रुग्णालयाची भाषा वापरली: रुग्ण 'अत्यवस्थ'वरून 'गंभीर'वर आला आहे. मोहीम-व्यवस्थापक जेनिफर ट्रॉस्पर यांनी पत्रकारांना सांगितले की फ्लॅशचे यंत्र ठीक दिसते आहे; फायली सांभाळणारे सॉफ्टवेअर, गाडी जे करत होती त्याच्या मानाने, पुरेसे मजबूत नव्हते. आणि त्याच रात्री मंगळाच्या दुसऱ्या बाजूला ऑपॉर्च्युनिटी उतरायची होती. एक गाडी अर्धवट शुद्धीवर, दुसरी वातावरणात शिरण्याच्या बेतात, आणि दोघींच्या पोटात तेच सॉफ्टवेअर. ऑपॉर्च्युनिटी सुखरूप उतरली.

आता बिघाडाच्या गाभ्याकडे येऊ. संगणक सुरू होताना एकेक सेवा आपापल्या जागी उभी राहते. त्यातली एक म्हणजे फाइल-व्यवस्था 'माउंट' करणे: फ्लॅशवर कोणत्या फायली कुठे आहेत याची यादी वाचून ती रॅममध्ये तयार करणे. स्पिरिटवर फाइल-व्यवस्था जुन्या डॉसच्या धर्तीची होती. या पद्धतीत फाइल पुसली तरी यादीतली तिची ओळ फक्त 'रिकामी' म्हणून खुणावली जाते. यादी आखडत नाही. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीसारखे हे. बाद झालेल्या पुस्तकावर तांबडी रेघ मारली तरी वहीची पाने कमी होत नाहीत. आणि या ग्रंथपालाचा हट्ट असा की रोज सकाळी दार उघडण्याआधी अख्खी वही टेबलावर उतरवून घ्यायची. टेबल तेवढेच, वही मात्र रोज जाड होत चाललेली.

सात महिन्यांच्या प्रवासात फायली साठल्या होत्या. वाटेत सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवली गेली, पण जुन्या आवृत्तीचे अवशेष राहिले. उतरल्यावर अठरा सोल छायाचित्रे आणि मोजमापे यांची भर पडत गेली. २५६ मेगाबाइट फ्लॅशमध्ये जागा होती. संपली ती रॅममधली जागा, यादी मांडण्यासाठी लागणारी. सोल १८ ला एका कामाने मेमरी मागितली, ती मिळाली नाही, काम जागच्या जागी थिजले, देखरेखीच्या व्यवस्थेने रीबूटचा हुकूम दिला, संगणक पुन्हा उठला, फ्लॅश माउंट करायला गेला, यादीला पुन्हा जागा पुरली नाही, पुन्हा थिजला, पुन्हा रीबूट. साठ वेळा. बिघाड झाल्यावर सुटका करण्यासाठी बांधलेली सोयच संगणकाला दर वेळी त्याच दारावर नेऊन उभी करत होती. थायसिंगर यांना न सापडलेला तो 'एकच बिघाड' हाच. वीज, रेडिओ, संगणक यांतला कोणताही भाग मोडला नव्हता, म्हणून मोडलेला भाग शोधणाऱ्यांच्या यादीत तो बसत नव्हता.

'धडे' संग्रहातली नोंद एक पायरी खाली जाते आणि दोन चुकीच्या सेटिंगवर बोट ठेवते. पहिले फाइल-व्यवस्थेच्या विभागातले: तिला हवी तेवढी मेमरी संगणकाच्या सामाईक साठ्यातून घ्यायची मुभा होती, कमाल मर्यादा नव्हती. दुसरे मेमरी वाटणाऱ्या विभागातले: मेमरी उरली नसेल तर मागणाऱ्या कामाला 'नाही' असे उत्तर न देता त्याला तिथेच थांबवून ठेवायचे. 'नाही' मिळाले असते तर काम काहीतरी मार्ग काढू शकले असते, निदान गाऱ्हाणे तरी नोंदवू शकले असते. थांबवून ठेवण्याची सोय मला प्रयोगशाळेतली वाटते. टेबलावर चाचणी घेणाऱ्याला काम नेमके कुठे अडले ते थिजलेल्या अवस्थेत पाहता येते. मंगळावर पाहायला कोणी नसते. हा माझा तर्क आहे, कागदातला नव्हे. पण दोन्ही सेटिंग स्वतंत्रपणे तितकीशी घातक नव्हती, हे उघड आहे. पहिल्याने मेमरी संपवली आणि दुसऱ्याने संपल्याचे सांगायची वाट बंद केली.

रीव्ह्ज यांचे नाव इथे दुसऱ्यांदा येते आणि योगायोग नजरेआड करवत नाही. १९९७ च्या जुलैमध्ये 'मार्स पाथफाइंडर' मंगळावर उतरले तेव्हाही त्यातली ऑपरेटिंग सिस्टिम व्हीएक्सवर्क्सच होती, सॉफ्टवेअरचे प्रमुख रीव्ह्जच होते आणि तेव्हाही संगणक आपोआप रीसेट होऊ लागला होता. हवामानाची नोंद घेणारे एक कमी महत्त्वाचे काम सामाईक कुलूप धरून बसे, मध्यम महत्त्वाची कामे त्याला पुढे सरकू देत नसत, आणि त्या कुलपासाठी खोळंबलेले सर्वात महत्त्वाचे काम वेळेत पुरे होत नसे. उपाय होता एक सेटिंग चालू करण्याचा. ते मुळात बंद ठेवलेले होते. या प्रसंगाची कथा फिरत फिरत थोडी बदलली तेव्हा डिसेंबर १९९७ मध्ये रीव्ह्ज यांनी स्वतः लिहून ती दुरुस्त केली. इतिहास लिहिणाऱ्याला असा साक्षीदार मिळणे भाग्याचे. दोन्ही वेळा मूळ दोष सेटिंगमध्ये होता, एवढे साम्य पुरे. त्यापुढे ताणायला नको. पाथफाइंडर रीसेटनंतर काही काळ नीट चाले. स्पिरिटला रीसेट हीच फेरी होती.

'ईई टाइम्स'च्या वृत्तान्तात एक तपशील आहे, जो जानेवारीच्या पत्रकांत मला दिसला नाही. सोल १५ ला, म्हणजे बिघाडाच्या तीन सोल आधी, जुन्या नकोशा डिरेक्टऱ्या पुसण्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम पृथ्वीवरून पाठवला होता. तो दोन भागांत होता आणि त्यातला एकच गाडीला मिळाला. उरलेला भाग पुन्हा पाठवायचे ठरले, सोल १९ ला. अठराव्या सोलला गाडी अडली. या तपशिलावरून दोन गोष्टी म्हणता येतात. साठलेला पसारा काढायला हवा, हे त्यांना आधीच ठाऊक होते. आणि त्याची निकड त्यांना जाणवली नव्हती, नाहीतर अर्धा राहिलेला प्रोग्रॅम चार सोल थांबला नसता. या दोन्हींच्या पलीकडे जाऊन 'त्यांना माहीत होते तरी दुर्लक्ष केले' असे म्हणायला हा कागद आधार देत नाही. तसे लिहिलेले मी वाचले आहे; ते मला मान्य नाही.

दुर्लक्ष झाले असेल तर ते आणखी मागे, विकासाच्या काळात. 'धडे' संग्रहातल्या त्या नोंदीतल्या सात शिफारशींपैकी एक अशी की कमी महत्त्वाच्या म्हणून बाजूला ठेवलेल्या कामांची यादी जपून ठेवावी. दुसरी अशी की यंत्राची मेमरी किती उरली आहे याचे आकडे पृथ्वीवर येणाऱ्या माहितीत असावेत. तिसरी अशी की बाहेरून घेतलेल्या तयार सॉफ्टवेअरबद्दलची आपली गृहीतके तपासून पाहावीत. शिफारशी उलट्या वाचायच्या असतात: जे करा म्हणून सांगितले ते तेव्हा पुरेसे झालेले नव्हते. मंगळ दर सव्वीस महिन्यांनी सोयीच्या अंतरावर येतो, आणि उड्डाणाची तारीख कोणाच्या विनंतीवरून पुढे ढकलली जात नाही. अशा घाईत फाइल-व्यवस्था किती मेमरी खाते हा प्रश्न कोणाच्याही यादीत वरच्या ओळीत आला नसता.

तर कारण कोणते? २१ जानेवारीला ते कॅनबेराच्या आभाळात होते. २२ ला ते एकाच ठिकाणी नव्हते. २४ ला फाइल-व्यवस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये, फेब्रुवारीत वाढत गेलेल्या यादीत, २००५ च्या सुमारास दोन सेटिंगमध्ये, आणि शिफारशींच्या भाषेत वेळापत्रकात. यातले पहिले सोडले तर एकही चुकीचे नाही. प्रत्येक कागदाला त्याच्या वाचकासाठी जिथे थांबणे सोयीचे होते, तिथे तो थांबला. पत्रकाराला 'सॉफ्टवेअर' पुरते. गाडी चालवणाऱ्याला फायली मोजायच्या असतात. पुढची गाडी बांधणाऱ्याला सेटिंग हवी असते, आणि संस्थेला वेळापत्रक. ही उतरंड एका उत्तरात दाबली की गोष्ट सोपी होते आणि कागदांशी असलेला तिचा धागा सुटतो.

दुरुस्ती मात्र रुक्ष झाली. लंगड्या अवस्थेत गाडी सुरू करायची, फ्लॅशमध्ये काय आहे ते पाहायचे, नको त्या फायली पुसायच्या. जानेवारीच्या अखेरीस पहिले छायाचित्र आले तेव्हा दिसले की गाडीचा हात अजून ॲडिरोंडॅककडे लांब केलेलाच आहे, जसा बिघाडाच्या दिवशी होता तसा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सगळी फ्लॅश पुसून फॉरमॅट मारला आणि ६ फेब्रुवारीच्या सुमारास काम पुन्हा सुरू झाले. लगेच गाडीने त्याच दगडाला गिरमिट लावले. ४५.५ मिलिमीटर रुंद आणि २.६५ मिलिमीटर खोल खळगा पडला. दुसऱ्या ग्रहावरच्या खडकात माणसाने यंत्राकरवी घासून पाडलेला तो पहिला. त्यातून समजले की ॲडिरोंडॅक हा ज्वालामुखीचा बेसाल्ट आहे.

स्पिरिटने पुढे सहा वर्षे काम केले. तिचा शेवटचा संदेश आला २२ मार्च २०१० रोजी. तोवर ती ७.७३ किलोमीटर चालली होती, आणि आखणी होती ९० सोलांची.

फ्लॅशशिवाय सुरू होण्याची ती आडवाट पुढे ऑपॉर्च्युनिटीच्याही कामी आली, पण वेगळ्या कारणाने. २०१४ साली तिची फ्लॅश खरोखरच झिजू लागली. लिहिलेले टिकेना, अभियंते त्याला 'विस्मृती' म्हणत. सप्टेंबरमध्ये फॉरमॅट मारून पाहिला, तो पुरला नाही, आणि डिसेंबरपासून गाडी फक्त रॅमवर चालवावी लागली: दिवसभराचे सगळे झोपण्याआधी पाठवायचे, नाहीतर गेले. दोष फ्लॅशच्या सातपैकी सातव्या कप्प्यात दिसत होता. मार्च २०१५ मध्ये सॉफ्टवेअरमध्ये बदल करून तो कप्पा वगळला आणि उरलेल्या सहांवर पुन्हा फॉरमॅट मारला. त्याच आठवड्यात गाडीने मॅरेथॉनएवढे, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर अंतर पुरे केले. विस्मृतीचे झटके मात्र त्यानंतरही येत राहिले.